लघवी उलटी फिरते तेव्हा : लेकराच्या किडनीचे पुढे काय?



गेल्या वर्षावासात एका वस्तीच्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर आरोग्यावर बोलायला मला बोलावले होते. बोलणे संपले, बाया उठायला लागल्या, तेव्हा एक आई मागे थांबली. कडेवर चार वर्षांची मुलगी आणि हातात कागदांची पिशवी. म्हणाली, "सिस्टर, डॉक्टर म्हनते पोरीची लघवी उलटी वर जाते. हे बरं होईन का? का किडनी जाईन?"

पिशवीतले कागद मी तिथेच सतरंजीवर पसरले. दोन वर्षांत त्या मुलीला चार वेळा जोराचा ताप आला होता. प्रत्येक वेळी इंजेक्शन आणि पातळ औषध मिळाले होते. तीन वेळा कोणीही लघवी तपासली नव्हती. आजीने दोनदा नजर उतरवली होती. चौथ्या वेळी एका डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मग खरे कारण सापडले.

तिचा प्रश्न अनेक आयांचा असतो. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, आणि आई विचारायला घाबरते. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर देते. पुढे काय होईल याचा अंदाज डॉक्टर कशावरून बांधतात, आणि तो अंदाज बदलणे आपल्या हातात किती आहे, हे समजून घेऊ.

हा आजार काय आहे?

दोन किडन्यांमध्ये लघवी तयार होते. दोन बारीक नळ्यांतून ती खाली मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत उतरते. या नळ्यांना मूत्रवाहिनी म्हणतात. ही नळी पिशवीच्या भिंतीतून सरळ न जाता तिरपी शिरते. त्यामुळे पिशवी भरली की नळीचा तो तिरपा भाग दाबला जातो आणि वाट बंद होते. लघवी खाली येऊ शकते, वर जाऊ शकत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल.

काही बाळांमध्ये भिंतीतला हा तिरपा भाग जन्मतःच आखूड असतो. वाट नीट बंद होत नाही आणि लघवी उलटी वर चढते. याला रिफ्लक्स म्हणतात. कागदावर 'व्ही.यू.आर.' असे लिहिलेले असते. फक्त लघवी वर गेल्याने बहुतेक वेळा फार बिघडत नाही. खरा धोका जंतूंचा असतो. पिशवीत जंतू शिरले की ते उलट्या लघवीबरोबर थेट किडनीपर्यंत पोहोचतात. मग थंडी वाजून ताप येतो, आणि उपचाराला उशीर झाला तर किडनीवर डाग पडतो. डाग म्हणजे जखम भरल्यावर राहणारा व्रण. किडनीचा तेवढा भाग परत काम करत नाही.

हा दोष आईने गरोदरपणी काही खाल्ल्याने येत नाही. ग्रहणाने येत नाही, कुणाच्या नजरेने येत नाही, मागच्या जन्मीच्या पापानेही येत नाही. तो शरीराच्या घडणीतला फरक आहे आणि काही घरांत तो वारशाने येतो. एका मुलाला असेल तर त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी साधारण चौघांत एकाला तो सापडतो. म्हणून सुनेला दोष देणे बंद करा आणि धाकट्या भावंडाला ताप आला तर त्याचीही लघवी तपासा.

आपल्या जिल्ह्यात किडनी हा शब्द ऐकला की छातीत धस्स होते. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराने गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. पण लेकरांचा रिफ्लक्स हा वेगळा आजार आहे. तो खाऱ्या पाण्याने होत नाही, आणि वेळेवर लक्ष दिले तर बहुतेक मुलांची किडनी वाचते.

कसा सापडतो?

लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आलेल्या मुलांची पुढची तपासणी केली तर साधारण तिघांत एकाला रिफ्लक्स निघतो. म्हणजे सुरुवात लघवीच्या तपासणीपासून होते. लहान बाळ "लघवी करताना जळजळ होते" असे सांगू शकत नाही. त्याची लक्षणे अशी असतात: सर्दी-खोकला नसताना ताप, दूध न ओढणे, उलट्या, सतत किरकिर, वजन न वाढणे. मोठ्या मुलांत पोटात किंवा कमरेत दुखणे, वारंवार लघवी, आणि बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे.

लघवीत संसर्ग निघाला की सोनोग्राफी होते. त्यात काही वेगळे दिसले, ताप पुन्हा आला किंवा नेहमीपेक्षा वेगळा जंतू निघाला, तर डॉक्टर एम.सी.यू. नावाचा एक्स-रे सांगतात. संसर्ग बरा झाल्यावर बारीक नळीने पिशवीत औषध भरतात आणि लेकरू लघवी करत असताना फोटो काढतात. लघवी कुठवर चढते ते त्यात दिसते. ही तपासणी थोडी त्रासाची आहे. आईने जवळ राहावे आणि लेकराला आधीच समजावून सांगावे. किडनीवर डाग आहे का हे पाहायला डी.एम.एस.ए. नावाचा स्कॅन असतो. संसर्गानंतर ४ ते ६ महिन्यांनी केला तर कायमचा डाग कोणता ते नीट कळते. ही सोय मोठ्या शहरातच असते.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

"बरं होईन का?" या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत.

पहिला: लघवी उलटी जाणे आपोआप थांबेल का?
दुसरा: किडनी शाबूत राहील का?

दोन्हींची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. एखाद्या मुलाचा रिफ्लक्स पाच वर्षांत निघून जातो, पण आधीच्या तापांनी पडलेला डाग राहतो. दुसऱ्याचा रिफ्लक्स बरीच वर्षे राहतो, पण एकही संसर्ग किडनीपर्यंत न गेल्याने किडनी चांगली राहते. म्हणून "रिफ्लक्स गेला" ऐकून फाईल फेकू नका, आणि "रिफ्लक्स अजून आहे" ऐकून हातपाय गाळू नका.

पहिला अंदाज : रिफ्लक्स जाईल का?

मूल वाढते तशी भिंतीतली तिरपी वाट लांब होते. त्यामुळे बऱ्याच मुलांचा रिफ्लक्स ऑपरेशनशिवाय जातो. कुणाचा जाईल याचा अंदाज डॉक्टर पुढील गोष्टींवरून बांधतात.

१) ग्रेड. एम.सी.यू.च्या कागदावर १ ते ५ असा आकडा असतो. ग्रेड १ मध्ये लघवी फक्त नळीत चढते. ग्रेड २ मध्ये किडनीपर्यंत जाते, पण नळी फुगत नाही. ग्रेड ३ मध्ये नळी थोडी फुगते, ४ मध्ये जास्त, आणि ५ मध्ये नळी खूप फुगून वेडीवाकडी होते. ग्रेड १ आणि २ ची दहापैकी साधारण आठ मुले पाच वर्षांत आपोआप बरी होतात. ग्रेड ३ मध्ये साधारण निम्मी. ग्रेड ४ व ५ मध्ये हे प्रमाण बरेच कमी होते.

२) एक बाजू की दोन्ही. एकाच बाजूला असेल तर जाण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंना मोठा ग्रेड असेल तर कमी.

३) सापडला तेव्हाचे वय. पहिल्या वर्षात सापडलेला रिफ्लक्स जाण्याची शक्यता जास्त असते, कारण वाढ अजून व्हायची असते. मोठ्या ग्रेडचाही काही तान्ह्या मुलांचा रिफ्लक्स पहिल्या एक-दोन वर्षांत कमी होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलात सापडला तर वाट पाहून मिळणारा फायदा कमी.

४) लघवी केव्हा चढते. पिशवी थोडी भरली की लगेच चढत असेल तर तो हट्टी रिफ्लक्स. फक्त लघवी करताना चढत असेल तर आशा जास्त.

५) नळीची रुंदी. पिशवीजवळ नळी जितकी रुंद, तितकी रिफ्लक्स जाण्याची शक्यता कमी.

६) लघवी आणि शौचाच्या सवयी. लघवी दाबून धरणे आणि बद्धकोष्ठ यांमुळे पिशवीत दाब वाढतो, रिफ्लक्स लांबतो आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो.

यातल्या पहिल्या पाच गोष्टी आपण बदलू शकत नाही. सहावी पूर्णपणे आपल्या हातात आहे. तिच्याबद्दल पुढे सांगते.

या सगळ्या गोष्टी एकत्र मांडून हिशेब करण्याचा प्रयत्नही झाला आहे. अमेरिकेत बोस्टनच्या बाल रुग्णालयातील डॉक्टरांनी जवळपास अडीच हजार मुलांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये असा तक्ता प्रसिद्ध केला. आपल्याला तो तक्ता पाठ करायचा नाही. पण डॉक्टरांना हे जरूर विचारा: "ग्रेड किती? एका बाजूला की दोन्ही? लघवी केव्हा चढते? डाग आहे का?" ही चार उत्तरे फाईलवर लिहून घ्या.

हे ज्योतिष नव्हे

"दहापैकी आठ बरे होतात" याचा अर्थ नीट समजून घ्या. विहारात अशी दहा लेकरे बसवली तर साधारण आठ बरी होतील. आपले लेकरू आठांत की दोघांत, हे त्या दिवशी कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. पत्रिका बघणारा एकदाच सांगतो आणि चुकला तरी बदलत नाही. डॉक्टरचा अंदाज प्रत्येक तपासणीनंतर बदलतो, कारण तो कारणे बघून केलेला असतो. तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला. कारण बदलले की परिणाम बदलतो. जे कारण आपल्या हातात आहे ते आपण बदलायचे.

दुसरा अंदाज : किडनी टिकेल का?

इथे तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: रिफ्लक्सचा ग्रेड किती मोठा, तापाचा संसर्ग किती वेळा झाला, आणि उपचार किती लवकर सुरू झाला. काही बाळांची किडनी मोठ्या रिफ्लक्समुळे जन्मतःच थोडी कमजोर असते. तो भाग आपल्या हातात नाही. बाकीचे डाग संसर्गाने पडतात, आणि ते बरेचसे टाळता येतात.

ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झाले तर डाग पडण्याचा धोका कमी असतो. त्यानंतर तो वाढत जातो. आपल्या वस्त्यांत नेमके हेच दोन दिवस वाया जातात. एक दिवस अंगारा-धुपाऱ्यात, एक दिवस मजुरी बुडू नये म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरवायचे इंजेक्शन. ताप उतरतो, जंतू किडनीतच राहतात. मी आईबापांना दोष देत नाही. एक रोज बुडाला तर घरात काय होते ते मला माहीत आहे. पण हे दोन दिवस लेकराच्या किडनीचे भविष्य ठरवतात.

ज्यांना डाग पडला आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी मुलाचे ब्लडप्रेशर आणि लघवीतले प्रोटीन तपासावे. सोबत वजन-उंचीही बघावी. मोठेपणी ब्लडप्रेशर वाढू शकते. डाग असलेल्या मुलीला पुढे गरोदरपणात जास्त लक्ष लागते, म्हणून लग्नानंतर ही गोष्ट लपवू नका, पहिल्याच तपासणीत सांगा. एका किडनीवर छोटा डाग असलेली बहुतेक मुले मोठी होऊन नीट जगतात, शिकतात, काम करतात. दोन्ही किडन्यांवर मोठे डाग असतील तर मात्र किडनीतज्ज्ञाकडे कायम तपासणी हवी.

ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची औषधे आणि गावठी जडीबुटी अशा मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे.

रोजचे औषध आणि ऑपरेशन

काही मुलांना डॉक्टर रात्री झोपताना अँटिबायोटिकचा छोटा डोस बरेच महिने देतात. "एवढं औषध कशाले?" असे आया विचारतात. याचे उत्तर एका मोठ्या अभ्यासातून मिळते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ६०७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांना रिफ्लक्स होता. निम्म्यांना रोज को-ट्रायमोक्साझोल दिले, निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले पातळ दिले. दोन वर्षांत औषधवाल्या ३०२ पैकी ३९ मुलांना पुन्हा संसर्ग झाला, बिनऔषधवाल्या ३०५ पैकी ७२ मुलांना. म्हणजे संसर्ग जवळपास निम्मा झाला. पण नवे डाग दोन्ही गटांत सारखेच होते, आणि औषध घेणाऱ्यांना पुन्हा संसर्ग झाला तेव्हा त्या औषधाला न जुमानणारे जंतू जास्त निघाले.

म्हणून हे औषध सगळ्यांना लागत नाही. मोठा ग्रेड, वारंवार ताप, लघवी-शौचाचा त्रास असलेल्यांना त्याचा जास्त उपयोग आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या अभ्यासातल्या मुलांवर बारीक लक्ष होते. ताप आला की लघवी तपासून लगेच उपचार होत होता. आपल्याकडे उशीर होतो, म्हणून डॉक्टरांनी औषध दिले असेल तर मनाने बंद करू नका. परवडत नसेल, विसरायला होत असेल, तर तसे स्पष्ट सांगा. अर्धवट घेतलेल्या औषधाने जंतू मुजोर होतात.

औषध चालू असताना पुन्हा पुन्हा ताप येणे, नवा डाग पडणे, किंवा मोठा ग्रेड वर्षानुवर्षे कमी न होणे, अशा वेळी ऑपरेशनचा विचार होतो. नळी पुन्हा तिरपी बसवतात, किंवा दुर्बिणीतून नळीच्या तोंडाशी औषध टोचून वाट आवळतात. मोठ्या ऑपरेशनचे यश फार चांगले आहे. पण पडलेला डाग ऑपरेशनने पुसला जात नाही.

घरात आणि शाळेत काय करायचे?

• ताप आणि कारण दिसत नाही, तर लघवी तपासा. रिफ्लक्स माहीत असलेल्या मुलाची त्याच दिवशी तपासा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थेट दवाखाना.

• कल्चरसाठी लघवी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्या. जागा पाण्याने धुवा, पहिली थोडी धार सोडा, मधली निर्जंतुक डबीत धरा. तान्ह्या बाळाच्या ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेला कापूस हलके फिरवला तर बऱ्याच वेळा ते लवकर लघवी करते. डबी तासाभरात लॅबमध्ये द्या.

• दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवा. घाई करू नका, पूर्ण होऊ द्या. चड्डी पूर्ण खाली करून नीट बसू द्या.

• मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा. मुलाची पुढची कातडी तेल लावून जबरदस्तीने मागे ओढू नका.

• बद्धकोष्ठ जाऊ द्या. भाकरी, डाळ, पालेभाजी, केळी, पपई, भरपूर पाणी. पाच रुपयांच्या कुरकुऱ्याच्या पुड्या कमी करा. जेवणानंतर दहा मिनिटे शौचाला बसवा. तरी कडक होत असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

• मुलग्याची धार बारीक असेल, थेंब थेंब होत असेल, तर वाट पाहू नका. त्याला मूत्रमार्गात पडदा असू शकतो. तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे.

आता शाळेचे. आपल्या मुली सकाळी घरून निघतात आणि संध्याकाळी घरी येऊनच लघवी करतात, कारण शाळेच्या संडासाला कुलूप असते किंवा आत पाणी नसते. तहान लागली तरी पाणी पीत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींना वेगळे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी बंधनकारक केले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे बसा, बोला, ठराव लिहून घ्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. त्यांच्या लेकींना शाळेत पाणी आणि संडास मिळावा म्हणून आपण एका सभेला जायला हरकत नाही.

पैसा आणि कागद

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. आई हजर राहून तापाचा इतिहास सांगा आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. पुढची सोय तिथे नसेल तर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. ऑपरेशन लागले तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. आधी पैसे भरू नका, आधी विचारा.

आणि फाईल सांभाळा. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-सुरतेला जाताना ती सोबत न्या. प्रत्येक तापाची तारीख, लघवीचा रिपोर्ट, दिलेले औषध एका वहीत लिहा. आई लिहू शकत नसेल तर शाळेत जाणारे मोठे भावंड लिहील. लेकराच्या जन्मपत्रिकेने काही कळत नाही, या फाईलीने कळते.

त्या आईला मी हेच सांगितले. तिच्या मुलीचा रिफ्लक्स एका बाजूला, ग्रेड ३. डागाचा स्कॅन व्हायचा होता. मी म्हटले, "ताई, उलटी लघवी थांबायची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. किडनी सांभाळायचं मात्र बरंचसं तुमच्या आमच्या हातात आहे." विहारातल्या दोन मुलींनी वही करून दिली. ताप आला तर रात्री-बेरात्री तिला कोण घेऊन जाईल ते शेजारच्या तिघींनी ठरवले.

एक भिक्खू आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी स्वतः त्याच्यावर पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. मग भिक्खुसंघाला बोलावून विचारले की याची सेवा कोणी का केली नाही. आपल्या विहारात पुढच्या रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे काढा आणि विचारा: वस्तीत कोणत्या लेकराला कारण नसलेला ताप पुन्हा पुन्हा येतो? त्याची लघवी तपासली का?

जयभीम.